पोळं फुटतं तेव्हा: मधमाशांच्या पंचांगाची गोष्ट

आजच्या भागात इतिहास आहे, पण लढाई नाही, तह नाही, सनावळ्या पाठ करायच्या नाहीत. राणी मात्र आहे. आणि तिच्या घरात दरवर्षी होणारी एक वाटणी आहे.

मधमाशांचं पोळं वर्षातून एकदा, कधी दोनदा, ‘फुटतं’. फुटतं म्हणजे तुटत नाही. एका घराची दोन घरं होतात. जुनी राणी निम्म्याहून जास्त कामकरी माश्या बरोबर घेते, सगळ्या पोटभर मध पिऊन घेतात आणि भर दुपारी हजारो माश्या एकदम बाहेर पडतात. जवळच्या फांदीवर दाढीसारखा घोस लटकतो. काही तासांनी, फार तर काही दिवसांनी, तो घोस उठतो आणि नव्या घरी जातो. मागे उरलेल्या घरात नवी राणी जन्माला येणार असते. इंग्रजीत याला स्वार्मिंग म्हणतात. आपण आज थवा निघणं किंवा पोळं फुटणं म्हणूया.

आता मजा अशी, की माश्या हे लाखो वर्षं एकाच पद्धतीनं करतायत. पण माणसानं याच घटनेला कधी चोरीची भीती म्हटलं, कधी उत्पन्न म्हटलं, कधी तोटा म्हटलं. माशी बदलली नाही. आपली पेटी बदलली, आणि पेटीबरोबर आपलं मत बदललं. आजची गोष्ट या बदललेल्या मताची आहे.

थवा कुणाच्या मालकीचा?

सुरुवात रोमपासून करू. माशी पाळीव की रानटी, हा प्रश्न तिथल्या कायदेपंडितांना खरंच पडला होता. सम्राट जस्टिनियनच्या काळात, इसवी सन ५३३ मध्ये, कायद्याचं जे पाठ्यपुस्तक तयार झालं त्यात याचं उत्तर आहे. माश्या मुळात रानटी. तुमच्या पोळ्यातून थवा उडाला, तर तो तुमच्या नजरेत आहे आणि त्याचा पाठलाग करणं फार अवघड नाही, तोवर तुमचा. नजरेआड झाला की जो धरेल त्याचा.

म्हणजे थवा निघाला की मालक त्याच्यामागे पळणार, हे ओघानं आलंच. युरोपात पुढे शेकडो वर्षं लोक थव्यामागे भांडी बडवत धावायचे. आवाजानं माश्या खाली बसतात अशी समजूत होती. शेजाऱ्यांना ‘हा थवा माझा आहे बरं का’ हेही त्यातून कळायचं.

रोमन कवी व्हर्जिलनं इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात शेतीवर लिहिताना माशांना एक अख्खा भाग दिला. थवा उडू नये म्हणून त्यानं दिलेला उपाय ऐका: पोळ्याच्या राजाचे पंख काढा. राजाचे! कारण ॲरिस्टॉटलपासून सगळे विद्वान पोळ्याचा प्रमुख नर आहे असंच धरून चालले होते. निदान चूक होतं, पण उपाय बऱ्यापैकी चालणारा होता. राणीचा पंख किंचित कापायची पद्धत आजही जगात अनेक ठिकाणी आहे.

टोपलीचा हिशेब

मध्ययुगीन युरोपात माश्या गवताच्या उलट्या टोपलीत ठेवायचे. टोपलीला आत चौकट नाही, फळी नाही. माश्या पोळं थेट टोपलीच्या छताला चिकटवणार. मध काढायचा तर पोळं कापावं लागणार. मग शरद ऋतूत मालक टोपल्या हातानं उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा. सगळ्यात जड टोपलीत मध भरपूर, म्हणून ती काढायची. सगळ्यात हलकी हिवाळा काढणार नाही, म्हणून तीही काढायची. काढायची म्हणजे खड्ड्यात गंधक पेटवून त्याच्यावर टोपली ठेवायची. माश्या मेल्या की मध मोकळा. मधल्या वजनाच्या टोपल्या पुढच्या वर्षासाठी ठेवायच्या.

आता प्रश्न असा, की दरवर्षी इतक्या माश्या मारल्यावर पुढच्या वर्षी टोपल्या भरायच्या कुणी? थव्यांनी. वसंतात उरलेल्या टोपल्या फुटायच्या आणि त्यातले थवे रिकाम्या टोपल्यांत जायचे. म्हणजे त्या काळी थवा निघणं हे संकट नव्हतं, तेच उत्पन्न होतं. जी टोपली फुटत नाही ती निरुपयोगी.

मे महिन्यातला थवा मोलाचा आणि जुलैतला जवळजवळ बिनकामाचा, हे तिथल्या शेतकऱ्याला तोंडपाठ होतं. कारण साधं आहे. थव्याला नव्या घरात मेणाचं पोळं शून्यापासून बांधायचं असतं. पुढे फुलांचे दोन महिने असतील तर ते जमतं. फुलोरा संपताना निघालेला थवा घर बांधेल, पण कोठार भरणार नाही. हे लक्षात ठेवा. थव्याची किंमत थव्यात नसते, समोरच्या फुलोऱ्यात असते. आपण याच वाक्याकडे परत येणार आहोत.

राजाची राणी झाली

१६०९ मध्ये इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या पाद्र्यानं, चार्ल्स बटलरनं, माशांवर पुस्तक लिहिलं आणि शीर्षकातच जाहीर केलं की हे राज्य बायकांचं आहे. प्रमुख राणीच. हा बटलर संगीताचा जाणकार होता. दुसरा थवा निघायच्या आधी पोळ्यातून पिपाणीसारखा आवाज येतो, तो त्यानं चक्क स्वरलिपीत लिहून ठेवला. आज आपल्याला माहीत आहे की आधी जन्मलेली नवी राणी तो आवाज काढते आणि अजून बंद घरात असलेल्या राण्या तिला उत्तर देतात. पेटीला कान लावून हा आवाज आला, तर येत्या काही दिवसांत आणखी एक थवा निघण्याची शक्यता असते. चारशे वर्षांपूर्वीचं हे निरीक्षण आजही उपयोगी पडतं.

पुढचं नाव अँटोन यान्शा. आजच्या स्लोव्हेनियातला, चित्रकलेचं शिक्षण घेतलेला माणूस. व्हिएन्नात महाराणी मारिया थेरेझानं त्याला मधमाशापालनाचा शिक्षक नेमलं. १७७१ मध्ये त्यानं जे पुस्तक काढलं ते फक्त एकाच विषयावर होतं: थवे. २० मे हा जागतिक मधमाशी दिवस संयुक्त राष्ट्रांनी २०१७ मध्ये ठरवला, तो या यान्शाची आठवण म्हणून.

त्याच्यानंतर जिनिव्हाचा फ्रान्स्वा ह्युबर. हा दृष्टिहीन होता. त्याचा मदतनीस बर्नेन्स बघायचा, ह्युबर प्रश्न विचारायचा. पुस्तकाच्या पानांसारखं उघडणारं पोळं त्यानं तयार केलं आणि १७९२ मध्ये आपली निरीक्षणं छापली. पोळ्याच्या आत काय चालतं ते पान उलटून बघता येऊ लागलं. पण रोजच्या शेतकऱ्यासाठी ती वस्तू नाजूक होती.

एका बोटाएवढीही नसलेली जागा

१८५१ मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याच्या एक गोष्ट लक्षात आली. पोळ्यात माश्या ठरावीक रुंदीची वाट मोकळी ठेवतात, साधारण ६ ते ९ मिलिमीटर. यापेक्षा कमी फट असेल तर डिंकासारख्या पदार्थानं बुजवतात. जास्त असेल तर तिथे पोळं बांधतात. मग त्यानं पेटीत लाकडी चौकटी अशा टांगल्या की चारही बाजूंनी बरोबर तेवढीच वाट राहील. चौकटी चिकटल्या नाहीत. वर उचलून बघता आल्या, परत ठेवता आल्या. १८५२ मध्ये त्याला पेटंट मिळालं. १८६५ मध्ये चौकट गरगर फिरवून मध काढायचं यंत्र आलं. आता पोळं कापायचं नाही, माश्या मारायच्या नाहीत, रिकामं पोळं परत पेटीत.

आणि इथे सगळा हिशेब उलटा झाला. माश्या मारायच्याच नाहीत तर दरवर्षी नवे थवे हवेत कशाला? उलट ऐन फुलोऱ्यात निम्म्या माश्या उडून गेल्या तर मध कोण गोळा करणार? जो थवा काल उत्पन्न होता, तो आज तोटा झाला. तेव्हापासून पुस्तकांमध्ये ‘थवा कसा धरावा’ कमी आणि ‘थवा कसा रोखावा’ जास्त दिसायला लागलं.

यातला एक उपाय अजून नावानिशी चालतो. अमेरिकेतल्या केंटकीच्या जॉर्ज डिमरीनं १८९२ मध्ये तो मांडला. राणीला खालच्या मजल्यावर रिकाम्या चौकटींत ठेवायचं. मध्ये जाळी, जिच्यातून कामकरी जातील पण राणी नाही. अंडी-अळ्यांच्या चौकटी सगळ्यात वर. माशांना वाटतं, घरात भरपूर जागा आहे, वाटणीची गरज नाही.

डिमरीचा उपाय का चालतो याचं कारण साठेक वर्षांनी कळायला लागलं. इंग्लंडच्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात १९५४ मध्ये एका शास्त्रज्ञानं ‘राणीद्रव्य’ ही कल्पना मांडली. राणीच्या अंगावरचा हा पदार्थ माश्या चाटून एकमेकींपर्यंत पोचवतात. तो मिळतोय तोवर नवी राणी करायची नाही. घरात फार गर्दी झाली की तो सगळ्यांपर्यंत पुरत नाही आणि राणीघरं बांधायला सुरुवात होते. या शास्त्रज्ञाचं आडनावही बटलरच, कॉलिन बटलर. पहिल्या बटलरनं राणीचा आवाज ऐकला, दुसऱ्यानं तिचा संदेश शोधला.

सह्याद्रीतली सातेरी

आता आपल्याकडे येऊ. भीमबेटका, पचमढीच्या गुहांतल्या चित्रांमध्ये मध काढणारी माणसं आहेत. म्हणजे मधाची ओढ आपल्याकडे प्राचीन आहे. पद्धत मात्र बराच काळ एकच राहिली: धूर करा, पोळं कापा, पिळा. पिल्लं, अंडी सगळं त्यात आलं.

आपल्या डोंगरात मुख्य माश्या चार. खडकावर आणि उंच झाडावर एकच भलंमोठं पोळं लावणारी आग्या. झुडपात छोटंसं पोळं लावणारी फुलोरी. डंख नसलेली इवलीशी पोयाची माशी. आणि झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, वारुळात एकाशेजारी एक अनेक पोळी लावणारी सातेरी. या चौघींपैकी चौकटीच्या पेटीत नांदते ती सातेरी.

पण लँगस्ट्रॉथची पेटी तिला जशीच्या तशी बसत नाही. ती युरोपियन माशीपेक्षा अंगानं लहान, तिच्या पोळ्यांतलं अंतर कमी, तिची वसाहतही छोटी. १९११ ते १९१७ या काळात दक्षिणेत, तिरुचिरापल्लीकडे, फादर न्यूटन या जेझुइट धर्मगुरूंनी तिच्या मापाची लहान पेटी तयार करून गावकऱ्यांना शिकवलं. ती न्यूटन पेटी आजही वापरात आहे. १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकारानं वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्याच्या कामात मधमाशापालनही होतं. पिल्लं न मारता काढलेला मध ही गोष्ट त्या विचाराला अगदी जुळणारी होती. १९४६ मध्ये महाबळेश्वरात सरकारी पातळीवर हे काम सुरू झालं, आणि १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था उभी राहिली.

पेटी आली. पण सातेरीला पेटीत टिकवणं ही वेगळी विद्या आहे. ती फुटतेही चटकन, आणि मनाविरुद्ध काही झालं तर अख्खं घर सोडून जाते. हे दोन प्रकार वेगळे आहेत, नीट बघा. फुटणं म्हणजे भरभराटीतली वाटणी. घर सोडणं म्हणजे उपासमार, मेणकिडा, मुंग्या किंवा सततची उघडझाप यांना कंटाळून केलेलं स्थलांतर. पहिल्यात मागे कुणीतरी राहतं. दुसऱ्यात पेटी रिकामी. दारावर राणीला अडवणारी जाळी, म्हणजे क्वीन गेट, लावून दोन्ही थोडे दिवस थोपवता येतात. पण घरात खायला नसेल तर जाळी काय कामाची?

जांभळाच्या सहा आठवडे आधी

महाबळेश्वरात पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो. जून ते सप्टेंबर माशीला बाहेर पडायची सोय नाही. वसाहत आक्रसते, साखरेचा पाक द्यावा लागतो. पाऊस ओसरला की रानफुलं येतात, वसाहत पुन्हा धरते. आणि खरी दिवाळी उन्हाळ्यात: जांभूळ, हिरडा, गेळा.

आता गणित करू. कामकरी माशी अंड्यातून बाहेर यायला जवळजवळ तीन आठवडे लागतात. त्यानंतर दोन-तीन आठवडे ती घरातली कामं करते: साफसफाई, पिल्लांना भरवणं, मेण बांधणं. मगच फुलांवर जाते. म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला जांभळावर जी माशी दिसते, तिचं अंडं फेब्रुवारीच्या मध्यालाच पडलेलं असतं. मधपाळाला फुलं दिसल्यावर जाग आली तर उशीर झालेला असतो.

पण लवकर वाढवली तर? फुलोऱ्याआधीच घर भरतं आणि पोळं फुटतं. उशिरा वाढवली तर फुलं वाया. या दोन चुकांमधली वाट अगदी अरुंद आहे, लँगस्ट्रॉथच्या फटीसारखी. म्हणून त्या दिवसांत दर आठवड्याला चौकटी बघतात. राणीघर पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखं लोंबतं. ते बंद व्हायला अंडं पडल्यापासून आठेक दिवस लागतात, आणि ते बंद होण्याच्या सुमारास जुनी राणी निघते. आठवडा चुकला की थवा गेला. राणीघरं नुसती मोडत बसण्यापेक्षा अनेकजण पेटीची आपणच वाटणी करतात. माशांना जे करायचंच आहे, ते आपल्या सोयीच्या दिवशी करून द्यायचं.

यात कारवी आली की पंचांगच बदलतं. ती सात वर्षं नुसती वाढते आणि मग डोंगरच्या डोंगर एकदम जांभळे करून टाकते, बी धरते आणि मरते. त्या वर्षी पावसाच्या शेवटी माशांना एरवी न मिळणारी मेजवानी असते. म्हणजे जावळी-महाबळेश्वरच्या मधपाळाला बारा महिन्यांचं कॅलेंडर पुरत नाही, सात वर्षांचं लागतं. ते कुठल्या ॲपमध्ये मिळत नाही, जुन्या माणसांकडे मिळतं. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं, त्यामागे पेट्यांची संख्या आहेच, पण पिढ्यांची ही ओळखही आहे.

रोखलेला थवा आणि मोकळा थवा

शंभर-दीडशे वर्षं जगभर न फुटणारी, मोठी, मधाळ वसाहत म्हणजे चांगली वसाहत असं मानलं गेलं. मग दोन धक्के बसले.

एक आपल्या दक्षिणेत. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड नावाचा विषाणूजन्य रोग केरळ, कर्नाटक, तमिळनाडूत पसरला. सातेरीच्या अळ्या पिशवीसारख्या फुगून मरायला लागल्या, हजारो पेट्या ओस पडल्या. अनेकांनी युरोपियन माशी घेतली. सातेरी परत आली ती ज्या वसाहती स्वतःहून वाचल्या त्यांच्यापासून. त्यांची वाटणी होत गेली आणि पेट्या पुन्हा भरल्या.

दुसरा धक्का व्हरोआ या कोळिष्टकवर्गीय किड्याचा. हा मूळचा सातेरीच्या कुळातल्या माशीवरचा, तिला त्याच्याशी जमवून घ्यायची सवय. युरोपियन माशीला नव्हती. १९८७ मध्ये तो अमेरिकेत सापडला आणि पेट्या मरायला लागल्या. पण थॉमस सीली या शास्त्रज्ञानं न्यूयॉर्क राज्यातल्या अर्नोट जंगलात रानटी वसाहती मोजल्या, तर त्या १९७८ मध्ये होत्या तितक्याच २००२ मध्येही होत्या. औषध नाही, मधपाळ नाही. पुढे २०१६ मध्ये त्याच्या गटानं तुलना छापली: ४२ लिटरच्या लहान पेट्यांतल्या, मोकळेपणानं फुटणाऱ्या वसाहती आणि १६८ लिटरपर्यंतच्या मोठ्या, न फुटू दिलेल्या वसाहती. लहान घरांत किडे कमी, जगण्याचं प्रमाण जास्त. मध अर्थातच मोठ्या घरांत जास्त. थवा निघाला की नवी राणी अंडी घालेपर्यंत घरात पिल्लं नसतात, आणि पिल्लं नाहीत तर किड्यालाही वाढायला जागा नाही. थवा रोखताना आपण हा औषधाचा डोसही रोखत होतो.

म्हणून आजचा प्रश्न ‘थवा रोखू की सोडू’ एवढाच नाही. मध किती हवा आणि माशी किती टिकायला हवी, याचा तो सौदा आहे. आणि तो प्रत्येक डोंगरात वेगळा आहे. युरोपियन माशी पाळणारा मधपाळ मोहरीच्या हंगामात पेट्या ट्रकमध्ये घालून राजस्थानला नेतो, तो फुलोऱ्याकडे जातो. सातेरीवाला जागेवर बसून फुलोऱ्याची वाट बघतो. ऐन मोहरात अवेळी पाऊस आला किंवा टेकडीवरची जांभळं बंगल्यांसाठी तुटली, तर त्याच्याकडे ट्रक नाही. यूट्यूबवर थंड देशातल्या मधपाळाचं कॅलेंडर बघून इथे चौकटी उघडणाऱ्या नव्या मुलांनी हे आधी समजून घ्यावं. पेटी ऑनलाइन मिळते. फुलोरा त्या-त्या गावात उभा राहून शिकावा लागतो.

जाता जाता एक कामाची गोष्ट. १९४९ मध्ये, युद्धात उद्ध्वस्त झालेल्या म्युनिकमध्ये मार्टिन लिंडावर या तरुण शास्त्रज्ञाला झाडावर लटकलेल्या थव्यात काही माश्या नाचताना दिसल्या. त्या परागानं माखलेल्या नव्हत्या. कुणी काजळीनं काळी, कुणी विटांच्या चुऱ्यानं लाल. त्याला उमगलं की या फुलं शोधून आलेल्या नाहीत. या पडक्या शहरातली चिमणी, भिंतीतलं भोक बघून आल्यात आणि नाचून बहिणींना सांगतायत की घर इथे आहे. वेगवेगळ्या जागांचे नाच चालतात, हळूहळू एका जागेचा नाच वाढत जातो आणि मग सगळ्या मिळून उडतात.

तर सोसायटीतल्या झाडावर असा घोस दिसला तर लगेच पेस्ट कंट्रोलला फोन करू नका. लटकलेल्या थव्याकडे राखायला पिल्लं नसतात, मधाचं कोठार नसतं, त्यामुळे तो बहुतेक वेळा शांत असतो आणि थोड्याच वेळात निघून जातो. मात्र माशांच्या खाली मेणाचं मोठं पोळं दिसत असेल तर ती आग्या असू शकते. तिच्यापासून लांब राहा, दगड मारू नका, धूर करू नका आणि प्रशिक्षित माणसालाच बोलवा. बाकी फांदीवरच्या त्या पाहुण्यांची बैठक चालू आहे. ती संपेपर्यंत थोडं थांबा.

भेटू पुढच्या भागात. तोवर तुमच्या गावात जांभूळ कधी मोहरतं आणि कारवी शेवटची कधी फुलली, हे घरातल्या मोठ्यांना विचारून आम्हाला नक्की कळवा.